जोत्यातली भोकं

ऑक्टोबर लागला की आमच्या ताश-कोरो गावात बायका घराच्या जोत्यातली भोकं बुजवायला घेतात. प्रत्येक घराच्या जोत्याला बाहेरून अशी चार-सहा भोकं ठेवलेली असतात, मांजर जेमतेम शिरेल एवढी. उन्हाळ्यात त्यांतून वारा आत जातो आणि फळ्यांच्या जमिनीखाली, तळघरात खेळतो. हिवाळ्यात तोच वारा शिरला तर तळघरातले बटाटे गोठतात, आणि बटाटे गोठले तर मार्चपर्यंत खायचं काय? म्हणून चिंध्या, जुने नमदे, फाटके कोट, हाताशी येईल ते कोंबायचं आणि वरून शेणमाती लिंपायची. हे काम पुरुष करत नाहीत. का, ते मला विचारू नका. जिथं कंबरेत वाकावं लागतं अशा कुठल्याच कामाला आमचे पुरुष हात लावत नाहीत.

माझी थोरली जाऊ शारकान हिच्याइतकी घट्ट भोकं आख्ख्या गल्लीत कोणी बुजवत नाही. मी आपली दोन चिंध्या कोंबते आणि अल्लावर सोडते. ती मात्र त्यासाठी वर्षभर कपडे साठवते, कापते, वळकट्या करते. मी सांगतेय त्या वर्षी तिच्याकडे साठवलेलं सगळं संपलं होतं, म्हणून तिनं नवऱ्याचा जुना कापूस भरलेला कोट काढला आणि कात्री लावली. मी कुंपणापलीकडून बघत होते. कात्री चालत होती आणि तिचे डोळे कोरडे होते.

तिचे यजमान जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. थोरल्या दिराचं नाव आमच्यात धाकट्या भावजयीनं घ्यायचं नसतं, पण ते आता या जगात नाहीत आणि गोष्ट सांगायची तर नाव लागतंच. असानकूल. खाण चालू होती त्या काळात ते खाणीच्या क्लबात सिनेमे दाखवायचे. युरेनियमच्या त्या खाणीत ते एकदाही उतरले नाहीत. अंधाराला भ्यायचे, सिनेमाचा अंधार सोडून. तंबाखूचं तर नाव काढायची सोय नव्हती. कोणी अंगणात विडी पेटवली तरी त्यांच्या कपाळावर आठ्या. असा माणूस फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला. गल्लीत सगळे म्हणाले, खाण खाते माणसं. मी म्हटलं, अहो पण ते खाणीत गेलेच नव्हते! त्यावर सगळ्यांनी चहाचा घोट घेतला.

घर त्यांनी स्वतः बांधलेलं. खाणीमागं दळलेल्या दगडाच्या राखाडी वाळूचा डोंगर होता, ज्याला हवी त्यानं न्यावी. असानकूलनी ट्रक भरभरून आणली, जोत्यात भरली, गिलाव्यात कालवली. तळघर खोदलं, वर मोठी खोली. त्या खोलीइतकी ऊब आमच्या गावात कुठं नव्हती. नवराबायकोनं सगळं आयुष्य तिथंच काढलं. ते गेल्यावर शारकाननं आपला बिछाना मागच्या बाजूच्या लहान खोलीत नेला. ती खोली नंतर काढलेली, नदीकाठच्या मातीच्या विटांची, खाली तळघर नसलेली आणि गारठ्याची. मोठी खोली तिनं भाड्यानं दिली.

भाडेकरू म्हणजे आयझिरेक, शाळेत गणित शिकवणारी बारकीशी पोरगी. तिचा नवरा परमुलखात बांधकामावर. तिची मुलगी बेगायिम, चार वर्षांची, दिवसभर प्रश्न विचारणारी. शारकानचा स्वतःचा मुलगा राजधानीत असतो आणि सणाला फोन करतो, म्हणून तिनं या दोघींना भाडेकरू म्हणून घेतलं आणि महिन्याभरात लेक आणि नात करून टाकलं. सगळ्यात उबदार खोली पोरीला, आपण गारठ्यात. मी तिला एजे म्हणते, म्हणजे ताई. चिडवायचे, "एजे, भाडं तू घेतेस की तू देतेस?"

"तुझ्या पोटात का दुखतंय?" ती म्हणायची. "पोर आहे. पोराला ऊब लागते."

नोव्हेंबरात जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून एक बाई आली. जामाल नाव. पायात पुरुषी बूट, बोलणं थोडकं. खाणींच्या गावांतून घरोघरी फिरून रेडॉन मोजायचं तिचं काम. शारकानच्या स्वयंपाकघरात बसून तिनं आम्हाला समजावलं. रेडॉन हा वायू, दगडामातीतून वर येतो, युरेनियमच्या दगडातून जास्त, रंग नाही, वास नाही, खोकला नाही, डोकं दुखत नाही. उघड्यावर वाऱ्यानं निघून जातो. बंद घरात साचतो. वर्षानुवर्षं अशा हवेत झोपलं तर फुप्फुसाला धोका.

"म्हणजे कळणार कसं?" मी विचारलं.

"याच्याशिवाय कळत नाही," ती म्हणाली आणि एक काळी डबी टेबलावर ठेवली, तपकिरीच्या डबीएवढी. "जिथं झोपता तिथं ठेवा, उशीच्या उंचीला. खिडकीजवळ नको, शेगडीजवळ नको. दारंखिडक्या हिवाळ्यात असतात तशा बंद. बाकी रोजच्यासारखं राहा. मी येऊन घेऊन जाईन."

एक डबी मलाही दिली. मी ती उशाशी टाकली आणि विसरून गेले.

शारकानचं मात्र वेगळं. तुम्ही शारकानला ओळखत नाही. दुरून कोणी काही पाठवलं, ते तिच्या घरात राहायला आलं, म्हणजे तो पाहुणा. आणि पाहुणा आलेल्या घरात रोजच्यासारखं कोण राहतं? बाई निघून गेली तशी हिनं बाह्या सारल्या. आधी सगळी खोली झाडली, फळ्या घासून धुतल्या. त्या वाळायला हव्यात म्हणून दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. शिर्दाक, म्हणजे जमिनीवरचे नक्षीचे नमदे, बाहेर नेऊन बर्फात झटकले. डबी ठेवायची कुठं? दारासमोरच्या मानाच्या जागी, गाद्या-गोधड्यांची चळत असते तिच्या अगदी वर, पांढऱ्या रुमालावर. मग बोर्सोक, कणकेचे फुगणारे तुकडे, तळायला घेतले. तळणाचा धूर कोंडला, दार उघडं ठेवलं. तळणाचा वास बाहेर गेला तशी गल्ली आली. तळघराचं झाकण उघडून जर्दाळूचा मुरंबा वर आला, पुन्हा गुलाबी सफरचंदं वर आली, झाकण मिटायला कोणाला सवड होती? जो तो दारात उभा राहून डबीकडं मान उंचावून बघायचा.

"हीच का ती?"

"हीच. सरकारनं पाठवलीय."

"आवाज करत नाही?"

"तुझ्यासारखी नाही ती. गप बसून काम करते."

डबी घरात होती तितके दिवस शारकानकडे लग्नघर होतं. आयझिरेक दबक्या आवाजात म्हणाली, "आपा, त्या बाई म्हणाल्या होत्या, खिडक्या बंद." शारकान म्हणाली, "बाई आली की बंद करू की. आता कोंदट घर दाखवायचं का तिला? लोक काय म्हणतील, असानकूलच्या घरात हवा नाही?" आयझिरेक भाडेकरू. तिनं पोरीला कानटोपी घातली.

जामाल निकाल घेऊन आली तेव्हा मीही तिथंच होते. आकडा लहान निघाला. मर्यादेच्या पुष्कळ खाली. शारकाननं माझ्याकडं असं बघितलं जसं काही तिच्या मुलाला पदक मिळालं. पण जामालचं तोंड उतरलेलंच. ती भिंतीवरून हात फिरवत होती.

"या गल्लीत ज्यांच्या घरात खाणीची ही वाळू आहे, त्या सगळ्यांचा आकडा मोठा आलाय," ती म्हणाली. "एक हे घर आणि वरच्या अंगाचं तुर्दाकूनचं सोडून. खिडक्या बंद होत्या ना?"

कोणी काही बोलायच्या आत बेगायिम म्हणाली, "उघड्या होत्या! मी घरात टोपी घालून बोर्सोक खाल्ले."

जामालनं एकेक गोष्ट विचारून घेतली. डबी कुठं होती, दार किती वेळ उघडं होतं, तळघराचं झाकण. ती रागावली नाही. नुसतं एवढंच म्हणाली, "आपा, हा आकडा या खोलीचा नाही, तुमच्या पाहुणचाराचा आहे. पुन्हा मोजायला हवं. लहान मूल झोपतं इथं."

आता इथं शारकान चिडली. मी तिला लग्नात, मयतात, जनावर मेलं तेव्हा, सगळीकडं बघितलंय, पण इतकी चिडलेली कधी नाही. "माझ्या माणसानं हातानं बांधलेलं घर आहे हे," ती म्हणाली. "त्याच्या घरात विष आहे म्हणता? एकदा मोजलंत, चांगलं निघालं. आता वाईट निघेपर्यंत मोजणार का?" जामाल उठली, बूट घातले, "मी महिनाअखेरपर्यंत गावातच आहे" असं म्हणाली आणि गेली.

त्या संध्याकाळी आयझिरेक तिच्यापुढं उभी राहिली. "आपा, मी तुमच्याकडून काही मागत नाही. फक्त एकदा मोजू द्या. मी वर्गात पोरांना शिकवते की माप चुकलं तर उत्तर चुकतं. आणि माझीच पोर चुकीच्या उत्तरावर झोपवू?"

"नको असेल तर जा," शारकान म्हणाली. "दार उघडं आहे."

जा म्हणे! डिसेंबर तोंडावर, घाटात बर्फ, गावात शेगडी असलेली दुसरी रिकामी खोली नाही, शाळेचं वसतिगृह छप्पर पडल्यापासून बंद. ती पोर जाणार कुठं? आयझिरेक आत गेली आणि तिनं पोरीचे कपडे गाठोड्यात बांधायला घेतले, मग सोडले, मग पुन्हा बांधले. मला जावेचा असा संताप आला की मी आपल्या घरी निघून आले आणि दोन दिवस कुंपणाकडं बघितलं नाही.

मग तुर्दाकून आला. तो वरच्या अंगाला राहतो आणि घराच्या चार खोल्या कोळशाच्या खाणीवरच्या मजुरांना भाड्यानं देतो. एकेका खोलीत कितीजण कोंबतो ते त्याचं त्याला माहीत. मी त्या दिवशी शारकानकडे चाळण परत करायला गेले होते, बोलायला नव्हे. तुर्दाकून चहा पीत बसला होता आणि हसत होता.

"मानलं तुला, शारकान! मी सगळ्यांना सांगतो, अक्कल शिकावी तर त्या बाईकडून. डबी आली की खिडक्या सताड उघडायच्या! मीही तेच केलं. चारही खोल्या शुद्ध निघाल्या. भाडेकरू खूश, मी खूश, कागद खूश."

"मी काही मुद्दाम केलं नाही," शारकान म्हणाली.

"अगं, माझ्यापाशी कसला संकोच? आपण दोघं एकाच धंद्यातली माणसं."

शारकाननं त्याच्या पेल्यात पुन्हा चहा ओतला नाही. आमच्यात याचा अर्थ पोरासोरांनाही कळतो. तुर्दाकून उठून गेला. तिनं त्याचा पेला धुतला, पुसला, पुन्हा धुतला. मी दारातच उभी होते.

"तो मला त्याच्यासारखी समजतो," ती म्हणाली.

"मग काय समजेल?" मी म्हटलं. मला राहवलं नाही. "फरक काय आहे? तो लबाडीनं म्हणतो मोजू नका, तू अभिमानानं म्हणतेस. झोपणाऱ्याला दोन्ही सारखंच."

मला वाटलं ती पेला फेकून मारेल. ती खाली बसली. हातातल्या फडक्याची घडी घातली.

"तुला वाटतं मी घरासाठी भांडतेय," ती म्हणाली. "जोत्यातली भोकं कोण बुजवतं, बुरुल?"

मला काही कळेना. "तुझी तू. माझी मी."

"लग्न होऊन मी या घरात आले त्या शरद ऋतूपासून मी बुजवतेय. वाळू त्यांनी आणली. त्यांना ठाऊक नव्हतं. पण वरचं झाकण मी लावलं. दरवर्षी. गल्लीत सगळ्यांत घट्ट." ती माझ्याकडं बघून बोलत नव्हती. "आकडा मोठा आला तर मला ते कळेल. आत्ता नुसतं वाटतंय. नुसतं वाटण्यावर माणूस जगू शकतं, गं. कळल्यावर काय करायचं?"

मी भांडायला आलेली बाई, मला रडू फुटलं. काय सांगणार होते मी? तिला धीर द्यायला माझ्याकडं शब्द नव्हता, आणि खोटा द्यावा तर शेजारच्या खोलीत बेगायिम मोठ्यानं आकडे म्हणत होती, आईनं शिकवलेले.

"आणि नाही कळलं तर ती तिथंच झोपेल," मी म्हटलं.

शारकान उठली, डोक्याला रुमाल बांधला आणि जामाल जिथं उतरली होती तिकडं चालू लागली. रस्त्यावर बर्फ होता. मी खिडकीतून बघत होते, ती एकदाही थांबली नाही.

दुसऱ्यांदा डबी आली ती उशीच्या उंचीला, तिपाईवर, रुमालाशिवाय. आयझिरेक आणि पोर माझ्या घरी आल्या. माझ्या घराचा आकडा लहान निघाला होता, मातीच्या विटा म्हणून, माझ्या झाडलोटीमुळं नक्कीच नव्हे. जामाल म्हणाली होती, खोलीत कोणीतरी नेहमीसारखं राहायला, झोपायला हवं. येणंजाणं करा, पण दार लगेच लावा, गर्दी नको. तेव्हा शारकान स्वतः मोठ्या खोलीत झोपायला गेली. यजमान गेल्यापासून ती तिथं झोपली नव्हती. तिनं बिछाना कुठल्या बाजूला घातला ते मी विचारलं नाही. तळघराच्या झाकणावर तिनं जात्याचा दगड ठेवला. "नाहीतर कोणी आलं की माझा हात आपोआप मुरंब्याकडं जातो," ती मला म्हणाली. "मी स्वतःला ओळखते. एकाला आत घेतलं की गल्ली येईल, गल्ली आली की मी दार उघडीन. यावेळी कोणालाच नाही."

आणि नेमके थोरले भावजी आले.

तिघा भावांतले सगळ्यांत मोठे. ते हयात आहेत, म्हणून त्यांचं नाव मी घेणार नाही. खालच्या खोऱ्यात राहतात, वर्षातून एकदा असानकूलच्या नावानं कुराण वाचायला येतात, आणि येताना कळवत नाहीत. भावाच्या घरी जायला कळवायचं कशाला? जुनी गाडी घाट चढून आली, आत आणखी तीन म्हातारे, आणि मागच्या डिकीत मेंढा. मेंढ्याचं डोकं बाहेर आणि म्हाताऱ्यांच्या दाढ्यांवर बर्फ. मी अंगणात पळाले, माझा नवरा सागिन पळाला, पण आम्ही पोचेपर्यंत ते पायरीवर होते आणि शारकान दाराबाहेर उभी होती, पाठीमागं दार लावून.

तिनं वाकून सलाम केला. मग म्हणाली, "भावजी, आज मी तुम्हाला आत घेऊ शकत नाही."

आधी त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. ते हसले आणि पुढं झाले. ती हलली नाही.

"कोणी वारलं का?"

"नाही."

"मग?"

"घर मोजतायत. दार उघडलं की माप चुकतं. परवा या. नाहीतर आत्ता धाकट्यांकडं बसा, मी सगळं तिथं आणते."

"मी धाकट्याकडं आलेलो नाही," थोरले म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की सागिन अजूनही लहान पोरासारखा मान घालतो. "मी असानकूलच्या घरी आलोय. माझ्या भावाचं दार मला बंद?"

मी पुढं होऊन काहीतरी सांगायला गेले, रेडॉन, वाळू, पोर. थोरल्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. शारकाननंच हातानं मला थांबवलं. बर्फाचा एक चुकार कण तिच्या पापणीवर पडला होता आणि तो ती पुसत नव्हती.

"तुमच्या भावासाठीच बंद आहे," ती म्हणाली. "ते कशानं गेले ते मला कळू द्या. एवढंच मागते. मग तुम्हाला पाहिजे ते मला बोला."

आमच्या गावात दारातून पाहुणा परत गेल्याची गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. चोर आला तरी त्याला आधी चहा देतात आणि मग मारतात. गल्लीतली दारं किलकिली झाली होती. तुर्दाकून फाटकात उभा राहून बघत होता, त्याचं तोंड उघडं पडलेलं. शारकानला हे सगळं दिसत होतं, आणि ती त्या दारावर पाठ टेकून, दोन्ही तळवे फळीवर दाबून उभी होती.

थोरले वळले. मला वाटलं गाडीकडं निघाले. ते अंगणातल्या लाकडाच्या ओंडक्यापाशी गेले, बाहीनं बर्फ झटकला आणि बसले. बाकीचे म्हातारे त्यांच्या मागं. थोरल्यांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि तिथंच, उघड्या अंगणात, पाठ असलेलं कुराण म्हणायला सुरुवात केली. त्यांचा आवाज म्हातारा झालाय पण गळा अजून आहे. डिकीतला मेंढासुद्धा गप्प झाला. आम्ही सगळे होतो तिथं गुडघ्यांवर बसलो. म्हणून झाल्यावर त्यांनी तळवे पसरले, आम्ही तोंडावरून हात फिरवले. मग ते उठले आणि चहा न पिता गेले. मेंढाही घेऊन गेले.

शारकान आत गेली. दार तिनं बोटभर उघडलं, अंग चोरून शिरली आणि लगेच लावून घेतलं.

आकडा मर्यादेच्या कितीतरी पट आला. जामालनं तो सांगितला तेव्हा शारकाननं मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवावी तशी. मग विचारलं, "माझे यजमान यानंच गेले का?"

"ते मी सांगू शकत नाही," जामाल म्हणाली. "एका माणसाचं कोणीच सांगू शकत नाही. मी फक्त खोलीचं सांगते."

"बरं. पोरीचं सांगा."

"एकदोन हिवाळ्यांनी घाबरू नका. हे वर्षानुवर्षांचं काम असतं. आजपासून तिला इथं झोपवू नका, तेवढं पुरे. जोत्यातली भोकं उघडा आणि उघडीच ठेवा. जमिनीच्या फटी लिंपा, तळघराचं झाकण घट्ट करा. उन्हाळ्यात जमिनीखालून एक नळ काढून छपराच्या वर न्या, त्यात पंखा बसवा. आणि पुन्हा मोजा. त्याशिवाय ही खोली कोणाला देऊ नका."

"आणि तुर्दाकूनच्या खोल्या?" आयझिरेकनं विचारलं.

"त्याही पुन्हा मोजणार," जामाल म्हणाली. "यावेळी त्याच्या भाडेकरूंना बरोबर घेऊन. खिडक्या कोणी उघडल्या ते तेच सांगतील."

ती गेल्यावर शारकाननं पहार घेतली. मी म्हटलं, सागिनला बोलावते. ती म्हणाली, "वाकायचं काम आहे. त्याला काय जमणार?" लिंपलेली माती दगडासारखी झाली होती. तिनं ती फोडली आणि मग पहार टाकून, बर्फात गुडघे टेकून हातानं एकेक वळकटी ओढून काढली. निळं कापड, कोटाची एक बाही, खिशाचा तुकडा. मी मदतीला वाकले तर तिनं कोपरानं मला दूर केलं. सगळ्या झाल्यावर तिनं त्या ओटीत घेतल्या आणि तिथंच भिंतीला टेकून बसली, आणि मग ती रडली, तोंड उघडं टाकून, गल्लीला ऐकू जाईल अशी. ते गेले तेव्हा रिवाजाप्रमाणं तिनं शोकगीत म्हटलं होतं, भिंतीकडं तोंड करून, शब्द बांधून. या रडण्याला शब्द नव्हते. माझा नुसता हात तिच्या पाठीवर होता.

मागच्या लहान खोलीत तीन बिछाने घातले. आयझिरेक म्हणाली, आपा, आता अर्धंच भाडं... शारकान म्हणाली, भाड्याचं पुन्हा बोललीस तर कानाखाली बसेल. मोठी खोली रिकामी राहिली, जमिनीखालून वारा वाहायला लागला, आणि जानेवारीच्या थंडीत, जे व्हायचं तेच झालं. बटाटे गोठले.

फेब्रुवारीत थोरले भावजी आले. एकटेच, मेंढ्याशिवाय. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. शारकाननं दार उघडलं, ते आत आले, गारठ्याच्या खोलीत मानाच्या जागी बसले. मीही होते, सागिनही होता. चहा झाला, मग तिनं उकडलेले बटाटे आणले, कारण दुसरं काही नव्हतं आणि तिनं ते लपवलंही नाही. गोठून उकडलेला बटाटा कसा होतो तुम्हाला माहीत असेल. काळसर, पाणचट आणि गोड.

"गोड आहे!" बेगायिम म्हणाली. "अजून दे."

थोरल्यांनी एक तोंडात टाकला, चावला. "गोठलेत," ते म्हणाले.

"हो," शारकान म्हणाली. "भोकं उघडी ठेवलीत."

मग ती आपल्या हातांकडं बघत बोलली, आमच्यापैकी कोणाशी ते मला सांगता येणार नाही. "यजमान दर हिवाळ्यात म्हणायचे, शारकान, कोंडल्यासारखं होतंय, एक तरी भोक उघडं ठेव. आणि मी म्हणायचे, बटाटे गोठतील."

सागिननं खाली मान घातली. शेगडीत कोळसा ढासळला. थोरल्यांनी समोरचा आपला वाडगा उचलला. मला वाटलं, आता बाजूला सारतील आणि उठतील. त्यांनी तो दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

"आणखी वाढ," ते म्हणाले.